बैठकीतला टच टीपॉय: इन्फ्रारेड फ्रेम, जुना टीव्ही आणि सागवान

आमच्या बैठकीतल्या टीपॉयमध्ये जुना टीव्ही आडवा झोपवून त्यावर बत्तीस इंची इन्फ्रारेड टच फ्रेम, म्हणजे साध्या पडद्याला स्पर्शपडदा करणारी चौकट, बसवली, त्याला आता हिवाळा, उन्हाळा आणि निम्मा पावसाळा उलटून गेला आहे. आमचे गाव वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात आहे. मे महिन्याचे ऊन, कापसाच्या हंगामात घरभर उडणारे रुईचे तंतू, विजेचे जाणे-येणे आणि पावसाळ्यातले किडे या सगळ्यांतून ही फ्रेम गेली असल्यामुळे तिच्याविषयी आता खात्रीने लिहिता येईल. परीक्षण मुख्यतः फ्रेमचे आहे, परंतु फ्रेम एकटी काही करीत नाही. तिच्याखालचा पडदा, मधली काच, भोवतालचे लाकूड आणि आतला संगणक यांच्यावर तिचे बरेवाईट ठरते, म्हणून त्यांच्याविषयीही सविस्तर लिहीत आहे. माझे मत असे की, पंचवीस-सव्वीस हजार रुपयांत खेड्यातल्या घरात टिकेल असा स्पर्शपडद्याचा टीपॉय करायचा असेल, तर इन्फ्रारेड फ्रेम हाच सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र पैसा कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा, हे त्या फ्रेमचा स्वभाव ओळखून ठरवले पाहिजे.

स्पर्शाला उत्तर देणारे टेबल ही कल्पना नवी नाही. मायक्रोसॉफ्टने २००७ साली ‘सरफेस’ नावाचे टेबल जाहीर केले, तेव्हा त्याची किंमत सुमारे दहा हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने चार लाख रुपयांच्या आसपास होती. त्याच्या पोटात एक प्रोजेक्टर आणि पाच इन्फ्रारेड कॅमेरे होते. ३० इंची पृष्ठभागावर खालून चित्र पडत असे आणि कॅमेरे बोटांच्या जागा टिपत असत. त्याआधी, २००५ मध्ये, न्यूयॉर्क विद्यापीठातील जेफ हान यांनी एक स्वस्त युक्ती मांडली होती. ॲक्रिलिकच्या तक्त्यात कडेने इन्फ्रारेड प्रकाश सोडला की तो आतल्या आत परावर्तित होत राहतो, आणि जिथे बोट टेकते तिथे तो खाली विखुरला जाऊन साध्या कॅमेऱ्याला दिसतो. घरच्या घरी असे टेबल बनवणाऱ्या हौशी मंडळींनी पुढची काही वर्षे हाच मार्ग धरला. ‘प्लेस्टेशन आय’ हा स्वस्त कॅमेरा घ्यायचा, त्यातला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढायचा आणि टेबलाखाली प्रोजेक्टरच्या शेजारी तो बसवायचा. हे तंत्र अभ्यासासाठी उत्तम आहे, पण आमच्याकडच्या बैठकीसाठी मी ते सुचवणार नाही. प्रोजेक्टरला चित्र मोठे करण्यासाठी अंतर लागते, त्यामुळे टेबल उंच आणि खोक्यासारखे होते. त्याचा दिवा टेबलाच्या पोटात सतत उष्णता सोडतो. आणि चित्र नीट दिसावे म्हणून खोलीत अंधार करावा लागतो. ज्या खोलीचे दार दिवसभर उघडे असते आणि ज्या गावात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे या तीनही अटी पाळणे कठीण आहे.

दुसरा पर्याय काचेच्या खालच्या बाजूने चिकटवायच्या कपॅसिटिव्ह फॉइलचा. मोबाइलच्या पडद्यात जे तत्त्व असते तेच इथे असते, त्यामुळे वरचा पृष्ठभाग अगदी सपाट राहतो आणि दिसायला हा पर्याय सर्वांत देखणा आहे. परंतु मोठ्या आकाराची फॉइल महाग पडते, ती बुडबुडे न येऊ देता चिकटवणे हे अनुभवी हाताचे काम आहे, आणि काचेवर पाणी सांडले की तिला बोट आणि ओल यांतला फरक कळेनासा होतो. जिथे पाहुणा आला की पाण्याचा तांब्या आधी येतो आणि चहा मागून येतो, तिथे ही शेवटची अडचण लहान नाही.

इन्फ्रारेड फ्रेमचे काम याहून सरळ आहे. ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या दोन बाजूंना डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडणाऱ्या एलईडींची रांग असते आणि समोरच्या दोन बाजूंना तो प्रकाश टिपणाऱ्या संवेदकांची. काचेच्या दोन-तीन मिलिमीटर वरून या किरणांची आडवी-उभी वीण बाजेसारखी विणलेली असते, आणि बोट आत आले की कोणता आडवा व कोणता उभा किरण अडला यावरून त्याची जागा निश्चित होते. हे तत्त्व पन्नास वर्षांहून जुने आहे. १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो ४’ या शिक्षण-संगणकाच्या पडद्यावर १६ गुणिले १६ चौकोनांची अशीच जाळी बसवलेली होती आणि विद्यार्थी बोट लावून उत्तरे देत असत. आजच्या फ्रेममध्ये किरण कितीतरी दाट असतात आणि तिरप्या किरणांचाही हिशेब केला जातो, त्यामुळे एकाच वेळी अनेक बोटे ओळखता येतात. फ्रेमला वेगळी वीज लागत नाही. एका यूएसबी वायरवर ती चालते आणि विंडोज, लिनक्स किंवा अँड्रॉइड यांपैकी काहीही असले तरी बहुतेक वेळा कोणताही ड्रायव्हर, म्हणजे तिची ओळख करून देणारा वेगळा प्रोग्रॅम, न टाकता लगेच ओळखली जाते. माझ्याकडे विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) या दोन्हींवर ती पहिल्यांदा जोडताच चालली, आणि या बाबतीत तिला पूर्ण गुण दिले पाहिजेत.

आता तिचा स्वभाव. या फ्रेमला बोट कळत नाही, तिला फक्त अडथळा कळतो. बोट, पेन्सिल, हातमोजा घातलेला हात, सदऱ्याची बाही, साडीचा पदर, चहाची बशी आणि काचेवर उतरलेला पतंग हे सगळे तिच्या दृष्टीने स्पर्शच आहेत. यातले काही गुण म्हणून मोजायला हवेत. शेतातून आलेल्या माणसाच्या बोटांची कातडी जाड आणि कोरडी असते, मोबाइलचा पडदा पुष्कळदा तिला दाद देत नाही; फ्रेमवर ही अडचण कधीच येत नाही. हळदीचे, कणकेचे, ओले, कसेही हात असले तरी तिला फरक पडत नाही, आणि काचेवर पाण्याचे थेंब उडाले तरी ते किरणांच्या उंचीपर्यंत पोहोचत नसल्यामुळे पडदा शांत राहतो. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी हा पडदा मोबाइलपेक्षा लवकर आपलासा केला, त्याचे मुख्य कारण मला हेच वाटते.

पण हाच स्वभाव टीपॉयच्या मूळ कामाच्या आड येतो, आणि त्याचा विचार सुतारकामाच्या वेळीच करावा लागतो. पडद्यावर कप ठेवला की तिथे कोणी बोट दाबून धरले आहे असे संगणक समजतो; नकाशा सरकतो, नको ती खिडकी उघडते. माझ्या फ्रेममध्ये बराच वेळ न हललेली वस्तू दुर्लक्षित करण्याची सोय आहे, ती कामही करते, परंतु त्या वस्तूच्या आड जो पट्टा येतो तिथला स्पर्श नंतर कमजोर होतो. म्हणून पडद्याच्या चारही बाजूंना सहा-सहा इंच रुंदीचा सागवानी काठ ठेवला आहे. कप, तांब्या, पानाचा डबा, चष्मा या सर्वांची जागा त्या काठावर आहे. घरी येणाऱ्यांना हे एकदा सांगावे लागते, नंतर लाकूड दिसते तिथेच हात आपोआप जातो. तयार टेबलांच्या चित्रांत काठापासून काठापर्यंत काच दिसते आणि ती सुंदरही दिसते, पण इन्फ्रारेड फ्रेम वापरणार असाल तर तो मोह टाळावा आणि लाकडाचा काठ जितका रुंद ठेवता येईल तितका ठेवावा.

किड्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. पहिला जोराचा पाऊस झाला की संध्याकाळी दिव्यावर झेपावणारे किडे आमच्याकडे प्रत्येक घरात शिरतात, आणि अंधाऱ्या खोलीत लख्ख उजळलेला पडदा तर त्यांना बोलावतोच. साधारण पाच मिलिमीटरहून लहान किडा फ्रेम मोजत नाही, पण भुंगेरे आणि पतंग ती नक्की मोजते, आणि एक पतंग काचेवर फडफडू लागला की पडद्यावरचे काम थांबवावे लागते. पडद्याचा उजेड कमी करणे, खोलीतला दिवा टेबलापासून दूरच्या भिंतीवर लावून ठेवणे आणि दाराला जाळी बसवणे या तीन उपायांनी त्रास निम्म्याहून कमी झाला. पावसाळ्याच्या सुरुवातीचे काही आठवडे मात्र संध्याकाळी टेबल बंदच ठेवणे बरे.

लिहिण्याच्या बाबतीत ही फ्रेम मध्यम आहे. किरण काचेच्या वर असल्यामुळे बोट टेकण्याआधीच स्पर्श सुरू होतो आणि उचलल्यानंतर किंचित उशिरा संपतो. बटण दाबताना किंवा चित्र सरकवताना हे जाणवतही नाही. पण लहान मुलाला त्यावर ‘क’ गिरवायला दिला की दोन रेषांमधले बोट पुरेसे वर उचलले जात नाही आणि अक्षराला नको ती शेपटी जोडली जाते. अक्षरे हातभर मोठी काढली तर हा दोष लपतो. मुळाक्षरे गिरवण्यासाठीच कोणी हा टेबल करणार असेल, तर पाटी-पेन्सिल अजूनही पुष्कळ सरस आहे, असे मी स्पष्ट सांगेन.

खालचा पडदा म्हणून वापरलेला टीव्ही घेणे यातच खरी बचत आहे, आणि हिंगणघाट किंवा नागपूरच्या बाजारात असे टीव्ही सहज मिळतात. निवड करताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे तो एलईडी प्रकाशाचा असावा. त्याआधीच्या, ट्यूबच्या प्रकाशाच्या एलसीडी टीव्हीला दुपटीहून अधिक वीज लागते आणि ती सगळी उष्णता टेबलाच्या पोटात राहते. दुसरी, तो बाजूने पाहून निवडावा. भिंतीवरचा टीव्ही समोरून पाहिला जातो, टीपॉय मात्र चारही बाजूंनी पाहिला जातो. हलक्या प्रतीच्या पॅनेलचे रंग एका बाजूने पाहिल्यास काळवंडतात किंवा उलटे होतात, म्हणून दुकानातच टीव्ही आडवा ठेवून त्याच्याभोवती फेरी मारावी आणि बाजूने पाहतानाही रंग टिकवणारे आयपीएस पॅनेल मिळाले तर तेच घ्यावे. तिसरी गोष्ट स्पष्टतेची. बत्तीस इंची स्वस्त टीव्ही बहुधा १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचे असतात, म्हणजे एका इंचात जेमतेम ५० बिंदू. पलीकडच्या भिंतीवरून सिनेमा पाहण्यास ते पुरते, पण हातभर अंतरावरून देवनागरी वाचताना जोडाक्षरे आणि ऱ्हस्व-दीर्घ उकार एकमेकांत मिसळतात. १९२० गुणिले १०८० बिंदूंचा टीव्ही हजार-दीड हजार रुपये जास्त देऊन घेतला, तर मराठी मजकूर वाचवतो. हा जादा खर्च अवश्य करावा.

चौथी गोष्ट मापाची, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. ‘बत्तीस इंची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक टीव्हींचा प्रत्यक्ष दिसणारा पडदा कर्णाने साडेएकतीस इंच, म्हणजे सुमारे ६९.८ सेंटिमीटर लांब आणि ३९.२ सेंटिमीटर रुंद असतो. फ्रेम मागवताना इंच न सांगता या दिसणाऱ्या भागाचे माप मिलिमीटरमध्ये कळवावे आणि फ्रेमच्या आतल्या बाजूचे माप विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. आधी टीव्ही, मग फ्रेम, हा क्रम बदलू नये. टीव्ही संगणकाला जोडल्यावर चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र मूळ मापात दाखवण्याचा पर्याय निवडावा. अन्यथा मध्यभागी स्पर्श बरोबर लागतो, पण कडांकडे जाताना तो बोटभर सरकलेला वाटतो आणि दोष फ्रेमचा आहे असा समज होतो.

टीव्ही टेबलात झोपवताना त्याचा भार मागच्या फुगीर प्लास्टिकवर येऊ देऊ नये. भिंतीवर टांगण्यासाठी मागे जी चार भोके असतात, त्यांत स्क्रू घालून तो दोन आडव्या पट्ट्यांवर बसवावा. रिमोटचा संकेत घेणारा भाग जिथे असेल, तिथे लाकडाला एक फट ठेवावी, कारण वीज जाऊन आली की अनेक टीव्ही रिमोट दाबल्याशिवाय उजळत नाहीत.

काच पाच मिलिमीटरची, टफन केलेली असावी. टफन काच साध्या काचेच्या कित्येक पट मार सोसते आणि फुटलीच तर धारदार सुळक्यांऐवजी तिचे बारीक बोथट खडे होतात. लहान मुले ज्यावर रेलणार आहेत, तिथे साधी काच बसवण्याचा विचारही करू नये. आमच्या मापाच्या काचेचे वजन चार किलोच्या आसपास भरते, ते लाकडाला सहज पेलते. याहून जाड काच घेतल्यास चित्र खोल गेल्यासारखे दिसते आणि तिरप्या नजरेने पाहणाऱ्याचे बोट नेमक्या जागी पडत नाही. एकदा टफन केलेली काच नंतर कापता किंवा घासता येत नाही, ती मिलिमीटरने मोठी निघाली तरी वाया जाते. आमच्या गावच्या सुताराने म्हणूनच सुरुवातीलाच सांगितले होते, “भाऊ, आधी काच आना, मंग लाकूड कापतो,” आणि या कामातला इतका मोलाचा सल्ला मला दुसऱ्या कोणी दिला नाही. काच आणि पडदा यांच्यामध्ये फोमची पातळ पट्टी लावून दीड-दोन मिलिमीटरची जागा ठेवली आहे, त्यामुळे काच पडद्याला टेकत नाही आणि हाताचा दाब पॅनेलवर येत नाही.

लाकडाच्या बाबतीत विदर्भाचे भाग्य मोठे आहे. आलापल्ली आणि बल्लारपूरच्या सागवानाची कीर्ती मी नव्याने सांगायला नको, परंतु या टेबलासाठी मी डेपोतल्या नव्या लाकडापेक्षा जुन्या कवेलू घराच्या मोडतोडीतली सागवानी तुळई निवडण्याचा सल्ला देईन. अनेक पावसाळे पाहिलेले ते लाकूड पूर्ण वाळलेले असते आणि मेच्या कोरड्या झळांतून जुलैच्या ओलीत जाताना ते फारसे फुगत वा वाकत नाही. फ्रेमची बैठक केसभरही पिळली, तर समोरासमोरच्या एलईडी आणि संवेदकांची रांग बिघडते आणि मग काचेच्या एका कोपऱ्यात स्पर्श लागेनासा होतो. उंची आम्ही सव्वा फूट ठेवली आहे. खुर्चीवर बसणाऱ्याला ती थोडी कमी पडते, पण सतरंजीवर मांडी घालून बसणाऱ्याला अगदी बेताची होते, आणि आमच्याकडे गर्दी झाली की माणसे खालीच बसतात. फ्रेमची ॲल्युमिनियमची चौकट काचेच्या वर जवळपास एक सेंटिमीटर उभी राहते. भोवतालचा लाकडी काठ तेवढाच उंच घेतल्यामुळे ती डोळ्यांना टोचत नाही. सांडलेले पाणी आत झिरपू नये म्हणून काच आणि फ्रेम यांच्या सांध्यातून सिलिकॉन फिरवले आहे.

उष्णतेविषयी कोणतीही सवलत घेऊ नये. बऱ्याच टीव्हींच्या माहितीपत्रकात वापराची कमाल मर्यादा ४० अंश दिलेली असते, आणि मे महिन्यात दुपारी आमच्या बैठकीतली हवाच तिच्या पलीकडे जाते. त्यात टीव्ही भिंतीवर उभा असतो तेव्हा त्याच्या मागची गरम हवा वर निघून जाते, टेबलात आडवा झोपवला की ती पडद्याखालीच अडकते. यासाठी एका बाजूने थंड हवा आत घेणारा आणि समोरच्या बाजूने गरम हवा बाहेर टाकणारा असे संगणकाचे दोन पंखे बसवले आहेत, आणि सर्व भोकांना बारीक तारेची जाळी लावली आहे, कारण उबदार आणि अंधारी जागा पाल आणि उंदीर लगेच शोधतात. एवढे करूनही एप्रिलच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत दुपारी बारा ते पाच टेबल बंद ठेवण्याचा नियम आम्ही पाळतो. आणखी एक सूचना फक्त आपल्या भागासाठी. कूलरच्या थेट वाऱ्यात टेबल ठेवू नका. कूलरची हवा गार असली तरी ओलसर असते, आणि बोअरच्या जड पाण्याचे तुषार त्यात असले की काचेवर पांढरे डाग पडतात. तेच तुषार पंख्यांनी आत ओढले तर ते सर्किटवरही बसतात. टेबल कूलरच्या बाजूला, वाऱ्याच्या रेषेबाहेर ठेवले की हा प्रश्न राहत नाही.

विजेचा भार मोठा नाही. टीव्ही, लहान संगणक, पंखे आणि फ्रेम मिळून साठ-सत्तर वॅटच्या आसपास जातात, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर टेबल आरामात चालते. संगणक म्हणून मी कार्यालयांतून बाहेर पडलेला, दुरुस्त करून विकला जाणारा छोटा मिनी पीसी घेतला. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक चांगला पर्याय आहे आणि त्याला वीजही कमी लागते, पण तो बहुधा मेमरी कार्डवर चालवला जातो आणि चालू असताना अचानक वीज गेली की कार्डावरची माहिती बिघडण्याचा धोका असतो. ज्या गावात वीज सांगून जात नाही, तिथे कार्डाऐवजी एसएसडीवर माहिती साठवणारा संगणक अधिक भरवशाचा. त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो, तो चालू करून ठेवावा. अर्थिंग मात्र नक्की करून घ्यावे. संगणकाच्या तीन पिनी पुरवठ्याला अर्थिंग नसेल, तर ॲल्युमिनियमच्या चौकटीला हात लावताच बारीक झिणझिण्या येऊ शकतात, आणि पाण्याचे तांबे जिथे ठेवले जाणार तिथे हे चालवून घेण्यासारखे नाही. अर्थिंगसोबत ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, हाही बसवावा.

आता खर्च. फ्रेम जीएसटी आणि कुरिअरसह ७,५०० रुपयांना पडली, वापरलेला टीव्ही ५,००० रुपयांना, मिनी पीसी ६,५०० रुपयांना. काचेला ९०० रुपये लागले. लाकूड आणि सुतारकाम मिळून ४,६०० रुपये झाले. पंखे, जाळी, वायरिंग, आरसीसीबी आणि सिलिकॉन यांवर १,५०० रुपये गेले. एकूण २६,००० रुपये. ज्याच्याकडे जुना चालू लॅपटॉप पडून आहे, त्याचे साडेसहा हजार वाचतील. काच, पंखे आणि अर्थिंग यांवर काटकसर करू नये, आणि बत्तीसऐवजी त्रेचाळीस इंचांचा हट्ट धरू नये. आकार वाढला की फ्रेम, काच, लाकूड आणि उष्णता हे सगळेच वाढते, आणि मध्यम बैठकीत माणसांना बसायला जागा उरत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारले तर माझे उत्तर नकाशा हे आहे. राज्य शासनाच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर गावाचा गट क्रमांकांसह नकाशा उघडतो. मोबाइलवर तो एकट्याने, डोळे बारीक करून पाहावा लागतो. टीपॉयवर तोच नकाशा उघडला की दोन्ही शेजारी, त्यांची मुले आणि एखादा जाणता माणूस असे सगळे भोवती बसतात, बोटाने नकाशा मोठा करतात, नाला कुठून येतो आणि पांदण रस्ता कुठून जातो हे एकमेकांना दाखवतात. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, वादाचा निकाल या पडद्यावर लागत नाही, त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच हवी; पण मोजणीआधीचे बोलणे शांतपणे होते, कारण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असते. इस्रोच्या ‘भुवन’वरची उपग्रहचित्रेही अशीच भोवती बसून पाहिली जातात.

नकाशाच इतका का जमतो, याचे कारण टेबलाच्या एका मूलभूत मर्यादेत आहे. टेबलाला चार बाजू आहेत, पण विंडोज आणि उबुंटूला वरची बाजू एकच माहीत आहे, त्यामुळे मजकूर असलेले काहीही उघडले की एका बाजूच्या माणसाला ते सरळ दिसते आणि समोरच्याला उलटे. नकाशा कोणत्याही बाजूने कळतो. सारीपाट आणि ल्युडोही असेच; मुलांनी ते लगेच ओळखले. बालभारतीची पुस्तके किंवा मराठी विकिपीडिया वाचायचा असेल तर एका बाजूला शेजारी-शेजारी बसावे लागते, आणि दोघे-तिघे असतील तर तेही छान होते. इंटरनेट नसताना ‘किविक्स’ हा मोफत प्रोग्रॅम मराठी विकिपीडिया संगणकातूनच उघडून देतो, म्हणून हे दोन्ही आधीच उतरवून ठेवावे.

निगा थोडी लागते. कापूस घरात भरून ठेवण्याच्या दिवसांत रुईचा एखादा तंतू फ्रेमच्या आतल्या काळ्या पट्टीवर चिकटला, तरी त्या रेषेतला स्पर्श अडखळतो किंवा कोणीही हात न लावता पडद्यावर बिंदू उमटू लागतो. मऊ कोरडा ब्रश चारही पट्ट्यांवरून फिरवला की पडदा पूर्ववत होतो. ओले फडके पट्टीवर फिरवू नये. दारातून येणारे थेट ऊन फ्रेमवर पडले तरी असेच बिंदू उमटतात, कारण उन्हातही इन्फ्रारेड प्रकाश भरपूर असतो आणि संवेदक त्याने भरून जातात. म्हणून टेबलाची जागा सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन पाहूनच ठरवावी.

विक्रेत्याच्या दाव्यांपैकी एक मला पूर्ण पटलेला नाही. फ्रेम एकाच वेळी दहा स्पर्श ओळखते असे सांगितले होते. बोटे दूर-दूर असतील तर ती ओळखतेही, पण मुलांचे हात एकमेकांच्या जवळ आले की पाच-सहांच्या पुढे एक बोट दुसऱ्याच्या सावलीत जाते आणि हरवते. चौघांच्या खेळाला ती पुरेशी आहे. अधिक माणसांसाठी वीस स्पर्शांची फ्रेम मिळते, तिचा दर बराच जास्त आहे.

फ्रेम घरी आली की ती लाकडात बसवण्याआधी एखाद्या सपाट टेबलावर ठेवून लॅपटॉपला जोडावी आणि चित्रे काढण्याच्या साध्या प्रोग्रॅममध्ये बोटाने वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे, कडांपासून कडांपर्यंत, दाट समांतर रेघा ओढाव्यात. प्रत्येक रेघ एकाच ठिकाणी तुटत असेल, तर तिथला एलईडी किंवा संवेदक मृत आहे असे समजावे आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी, खोके न फेकता, फ्रेम बदलून मागावी.